शेंदराखालचं नाव

माझ्या आजोबांना मी तीन वेळा मारलं. पहिल्यांदा चौथीत असताना, एका गोळीनं. सातवीत त्यांना तीन गोळ्या लागल्या. अकरावीला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मात्र मी हात सैल सोडला. बसऱ्याच्या वाळवंटात आजोबांनी अकरा तुर्क लोळवले, मग हातात आलेलं पाणी शेजारच्या जखमी शिपायाला दिलं आणि कोरड्या घशानं प्राण सोडला. एका परीक्षकबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला पहिला नंबर मिळाला आणि बक्षीस म्हणून शाईचं पेन. बसरा नकाशात कुठे आहे हे मला माहीत नव्हतं, आणि आजोबांचा फोटो तर घरात नव्हताच. त्यामुळे ते मला हवे तसे दिसायचे, आणि साहजिकच थोडेसे माझ्यासारखे दिसायचे.

आमचं गाव वरंधच्या रस्त्याला फुटून आत. शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. इंग्रजांनी बसवली. या गावातून महायुद्धाला इतके इतके लोक गेले, पैकी तिघांनी प्राण दिले, एवढंच तिच्यावर लिहिलंय. किती गेले तो आकडा दरवर्षीच्या चुन्याखाली बुजून गेला, पण 'तिघांनी' हा शब्द गाव न चुकता ओल्या फडक्यानं पुसून ठेवायचं, कारण त्यावर शिमग्याचे तीन नारळ ठरायचे. पाटीच्या खाली त्याहून कितीतरी जुना एक वीरगळ आहे. खालच्या चौकटीत तलवारवाला गडी, मधल्या चौकटीत त्याला उचलून नेणाऱ्या बायका, वर महादेवाची पिंड. तो कोण, कधी पडला, कुणासाठी पडला, काही ठाऊक नाही. पण शिमग्याला पालखी नाचत नाचत येते आणि त्या दगडापुढे टेकते. ढोल थांबतो. मग तीन घरांच्या नावानं हाक पडते आणि पालखीतला एकेक नारळ एकेका घराला मिळतो. त्या तीन घरांत तिसरं घर आमचं. दगडावर चित्र आहे, पाटीवर आकडा आहे, नाव कुठेच नाही. हे माझ्या लक्षात यायला मला कॉलेजात जावं लागलं, यावरून माझी हुशारी समजा.

नाव नसलं तरी आमच्याकडे पुरावा होता. देव्हाऱ्यात, टाकांच्या शेजारी, तळहाताएवढी एक पितळी ताटली. आजोबा गेल्यावर सरकारनं टपालानं पाठवलेली. तिच्यावर उभी देवी, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. आता सरकार परकं असलं तरी शिपाई मेल्यावर त्याच्या घरी देवी पाठवतं, यात आमच्या घरात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट, साहेबाला एवढी तरी समज होती, असं आजी म्हणायची. आजी रोज सकाळी तिला एक जास्वंद वाहायची, अमावस्येला तेल-शेंदूर. साठेक वर्षांच्या शेंदराचा असा थर चढला होता की देवीचं नाक गेलं होतं आणि सिंहाचं डुक्कर झालं होतं. आईनं पहिली भाकरी तव्यावरून काढली की तिचा चतकोर तुकडा त्या ताटलीपुढे जायचा. बाहेर गोठ्यात बैलांच्या घंटा, चुलीवर कुळथाची पिठी रटरटतेय, आणि आजी पुटपुटतेय, "पोटाला खा हो, उपाशी गेलात." हे 'उपाशी' माझ्या भाषणातून तिच्यापर्यंत पोचलेलं. त्याआधी ती नुसतं "खा हो" म्हणायची.

महाडला कॉलेजात जायला लागलो तेव्हा सकाळच्या एसटीत माझ्या बाकावर यशवंत असायचा. तो ओढ्यापलीकडच्या वाडीतला. त्या वाडीतले लोक पालखीला येत नसत. धर्म बदलला तेव्हापासून त्यांनी येणं सोडलं होतं. त्याआधी यायचे तेव्हा त्यांना कुठे उभं करायचे, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. यशवंतचं इंग्रजी माझ्याहून फार चांगलं. त्याच्या वहीवरून मी लिहायचो आणि बदल्यात त्याला आईच्या हातची सुकटीची चटणी द्यायचो. आमचं छान जमायचं. फक्त एक गोष्ट आमच्यात आडवी होती. त्याचाही आजा त्याच लढाईत गेलेला, पण तो म्हणे छावणीतून पळाला, आणि घरी तोंड दाखवायची लाज वाटून कुठेतरी परागंदा झाला. गाव त्यांच्या घराला 'पळपुट्याचं घर' म्हणायचं. प्राथमिक शाळेत धावण्याच्या शर्यतीत यशवंत पहिला आला तेव्हा, "पळायला तर यांचं घर पटाईतच," असं ओरडणारा पोरगा मीच होतो. मास्तरही हसले होते. मला ते तेव्हा माझं यश वाटलं.

त्या वर्षी शिमग्याला आठेक दिवस असताना माझ्या डोक्यात शिरलं की पालखीपुढे ताटात मांडून नेतो ती आमची ताटली फार कळकट दिसते. पहिल्या मानाच्या घराकडे रिबिनीचं पदक होतं, दुसऱ्याकडे तलवार. दोन्ही लख्ख. आमचं मात्र शेंदराचं ढेकूळ. आजी बाजारहाटाला बिरवाडीला गेलेली, आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, शेतावर. मी ताटली मागीलदारी नेली, आधी उलथन्यानं खरवडली, मग चिंच, मग राख, मग काथ्या. दोन तास घासली. आधी सिंहाचा सिंह झाला. मग बाईचं नाक आलं, चांगलं सरळ, गोऱ्या बाईचं. देवी नसावी, अशी शंका मला त्या नाकानंच पहिल्यांदा आली. कडेनं इंग्रजी अक्षरं निघाली : हा स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते साहेबालाच माहीत. आणि सिंहाच्या डोक्यावर एका लहान चौकटीत उठावाची अक्षरं होती. सोनू धाकू.

माझ्या आजोबांचं नाव बाबाजी राघोजी.

आता शहाण्या माणसाला इथे थांबायला काय हरकत होती? पण मी विचार केला की भांड्यावर नाव कुणाचं असतं? देणाऱ्याचं, नाहीतर बनवणाऱ्याचं. आत्याच्या लग्नातल्या हंड्यावर मामाचं नाव आहे, म्हणून तो हंडा काही मामा होत नाही. तेव्हा हा सोनू धाकू म्हणजे ताटली ओतणारा कासार. आणि साहेबाच्या राज्यात आपला कासार एवढ्या मानाचं काम करत होता, हा मुद्दा पुढच्या भाषणात घालण्यासारखा आहे, असंही मी ठरवलं. आजीला 'देवी उजळायला दिलीय' असं सांगून दुसऱ्या दिवशी ताटली टॉवेलात गुंडाळून मी एसटीत नेली. कुणाला दाखवायला? तर यशवंतला. सबंध तालुक्यात दुसरं कुणी सापडलं नाही मला.

"हे बघ," मी म्हटलं, "आमच्या आजोबांची. आणि हा बघ कासार. नाव घालून मोकळा."

त्यानं ताटली मांडीवर घेतली. वाचली. मग बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखी, एकेक अक्षर लावून परत वाचली.

"दत्ता, हा कासार नाय."

"मग कोण?"

"सोनू धाकू माझा आजा."

गाडी चढाला लागलेली, इंजिनाचा नुसता आरडाओरडा. मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही, पण ऐकू आलं होतं. यशवंत आधी हसला. एवढा हसला की कंडक्टर वळून बघायला लागला. "म्हंजे तुझी आजी रोज माझ्या आज्याच्या पाया पडते? फूल वाहते? भाकरी देते?" मीही हसायला लागलो, कारण तो हसत होता, आणि कुणी हसलं की हसायचं ही माझी जन्माची खोड. मग त्याचं हसू मधेच तुटलं. "माझी आजी मरेपर्यंत सांजच्याला ओढ्यावर येऊन बसायची रे. पळालाय तर येईल कधीतरी, म्हणायची. कुंकू पुसलं नाय तिनं. बाया हसायच्या तिला." ताटली त्यानं परत टॉवेलात गुंडाळली, नीट, चारी कोपरे घेऊन, आणि माझ्या हातात दिली. "आता नेत नाय मी. चोरून आणल्यासारखं होईल. तू तुझ्या आबांना विचार."

आबा खाचरात राबाची तयारी करत होते, फांद्या पसरून वर माती टाकत होते. मी ताटली पुढे धरली. ते उजळलेलं पितळ बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते आश्चर्य नव्हतं. मला आजही शपथेवर सांगता येईल, ते आश्चर्य नव्हतं.

"कुणी सांगितला हा उद्योग?"

"आबा, हे नाव आपलं नाय."

"माहीत हाय."

एवढंच बोलले आणि पुन्हा माती ओढायला लागले. मग ओढता ओढता, माझ्याकडे न बघता, सांगितलं. पणजोबा गावचे पाटील. सगळं टपाल त्यांच्याकडे यायचं. पोरगा छावणीतून पळाल्याची सरकारी चिठ्ठी आली ती त्यांच्या स्वतःच्या पोराबद्दलची होती. पुढं वर्षभरानं ही ताटली आली, ओढ्यापलीकडच्या घरची. दोन्हींचं वाचन करून दाखवणारा कारकून एकच, आणि तो पाटलाच्या ऋणातला. पाटलांनी चिठ्ठी त्या घरावर घातली आणि ताटली आपल्या देव्हाऱ्यात ठेवली. आबांना हे त्यांच्या चुलत्यानं सांगितलं, तेव्हा ते माझ्याच वयाचे होते.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? शिमगा आला. पालखी आली. हाक पडली."

मी रडलो, असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मला आधी आठवली ती माझी भाषणं. अकरा तुर्क. कोरडा घसा. मी स्टेजवर हात हलवत होतो तेव्हा आबा समोरच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. बक्षिसाच्या पेनात शाई भरून दिली होती त्यांनी. ज्या माणसानं मला खोटं बोललो म्हणून निरगुडीच्या फोकानं झोडलं होतं, त्यानंच. मी म्हटलं, "मी सांगणार गावाला." तेव्हा त्यांनी खोरं खाली ठेवलं, माझ्याजवळ आले, आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू नको. पोरानं सांगितलं तर लोक चेष्टा समजतील, तुझी ख्याती तीच हाय. मी सांगतो. शिमग्याला, दगडापुढं, सगळ्यांदेखत. त्या यशवंताला ये म्हणावं." त्या क्षणी मला माझा बाप आजोबांपेक्षा, म्हणजे भाषणातल्या आजोबांपेक्षा, मोठा वाटला. मी धावत ओढा ओलांडला. यशवंतला म्हटलं, "आबा स्वतः सांगणार." तो म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "आबांचा शब्द हाय."

शिमग्याच्या सकाळी घरात पुरणाचा वास आणि गूळ शिजल्याची वाफ. आई घामाघूम होऊन पोळ्या लाटतेय. मी आंघोळ करून देव्हाऱ्यापाशी गेलो तर ताटली शेंदरात बुडालेली. वाटी शेजारीच होती, तेल अजून ओलं. नाव गेलं होतं, नाक गेलं होतं, सिंहाचं पुन्हा डुक्कर. आबा पाठमोरे उभे राहून फेटा बांधत होते.

"आबा, हे काय?"

"तुझी आजी बघ," ते फेट्यातूनच म्हणाले. "उभ्या जन्मात तिला तेवढा एक मान हाय. नवरा पळाला हे तिला या वयात सांगू? ती हाय तोवर थांबू."

"मी त्याला बोलावलंय!"

"मग काय झालं? आलेल्याला पोळी वाढू."

मी तरीही ताटली असलेलं तांब्याचं ताट उचललं आणि त्यांच्या मागून चालायला लागलो. का, ते अजून मला कळलेलं नाही. बहुधा हातांना सवय होती. शाळेपुढे गाव जमलेलं, मुंबईकर आलेले, खालूबाजाचा दणदणाट, पालखी दगडापुढे टेकलेली. यशवंत रस्त्याच्या पलीकडे एकटा उभा होता. कॉलेजचा शर्ट इस्त्री करून घातलेला. त्याच्या वाडीतलं कुणी कित्येक वर्षांत इतक्या जवळ आलं नव्हतं. पहिला नारळ गेला. दुसरा गेला. आमच्या नावाची हाक पडली आणि आबा पुढे झाले. नारळासाठी हात पुढे केला.

तेव्हा यशवंतनं रस्ता ओलांडला. "दत्ता," तो म्हणाला, आणि ढोल थांबलेला असल्यानं ते सगळ्यांना ऐकू गेलं, "त्या ताटलीवरचं नाव वाच."

"कसलं नाव रे?" पालखीपाशी उभे असलेले म्हातारे मानकरी म्हणाले. "पाटलाच्या पोरा, काय म्हणतो हा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. फक्त आबा नारळाकडे बघत होते. आणि मी, तालुक्यात पहिला आलेला वक्ता, म्हणालो, "देवीच्या अंगावर कुठं नाव असतं का? देवी हाय ती, काय कासाराचा हंडा नाय."

गाव खो खो हसलं. मी आयुष्यात हजारो विनोद केले असतील. इतकं कुठल्याच विनोदाला हसलं नाही कुणी. यशवंत हसला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, एखाद्या न सुटलेल्या गणिताकडे बघावं तसं, आणि वळून गेला. दुसऱ्या दिवशी एसटीत तो पुढच्या बाकावर बसला. उरलेली दोन वर्षं पुढेच बसला.

आजी त्यानंतर वर्षभरात गेली. मी आबांना म्हटलं, आता? ते म्हणाले, ताईचं लग्न होऊ दे. ताईचं झालं. मग माझी नोकरी, मग माझंच लग्न. मग त्यांचं आजारपण, आणि आजारी माणसाला कोण छळतो? आबा गेले तेव्हा त्यांच्या तेराव्याला मी ठरवलं की येत्या शिमग्याला नक्की, आणि शिमग्याला मला मुंबईत ऑफिसचं काम निघालं. ते मीच काढलं होतं. सगळा दोष बापावर टाकायची सोय मी आयुष्यभर केली, पण ते गेल्यालाही आता वीस वर्षं झाली, आणि त्या वीस वर्षांत ताटलीला शेंदूर मीच लावत होतो.

तळीये गावावर डोंगर कोसळला त्या पावसात आमचंही गाव रिकामं करायला लावलं. निवृत्त होऊन मी गावी येऊन राहिलो होतो. बायकोनं पिशवीत औषधं आणि कागदपत्रं घेतली, आणि मी काय घेतलं, तर ताटली. वाटेत भिजत चालताना तिनं विचारलं, "एवढं काय हो त्यात? आपलंच हाय ना?"  इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "माझ्याकडनं पण हात जोडून घेतलेत की हो खोट्याला." खोट्याला नाही, खरं तर त्या एकट्या खऱ्यालाच, असं म्हणणार होतो, पण तिच्या हातातली पिशवी घेतली.

पाऊस सरल्यावर ताटली पुन्हा चिंचेनं घासली आणि बिरवाडीला गेलो. यशवंत तिथे हेडमास्तर होऊन निवृत्त झालाय, मुलाचं दोन खोल्यांचं घर आहे. त्यानं मला ओळखलं. सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी टॉवेल सोडला, ताटली टेबलावर ठेवली आणि पाठ करून आणलेली माफी सुरू केली. अर्ध्यात त्यानं हात वर केला.

"छान बोलतोस अजून," तो म्हणाला. "पण मला ही नको."

"नको? अरे, तुझ्या आज्याची..."

"माझ्या आज्याची हाय हे मला एसटीतच कळलं. मला सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर नाय म्हणालास त्यांच्यासमोर बोल. मग घेईन."

"त्यातले निम्मे मेले रे."

"मग उरलेले मरायच्या आत बोल."

"आणि नारळ?"

"नारळ तुमचा तुम्ही खा."

या शिमग्याला ताटली तांब्याच्या ताटात उघडी ठेवून मी निघालो.  वाटेवर दर दहा पावलांवर एक नवीन निमित्त सुचत होतं, आणि मला स्वतःच्या सुपीक डोक्याचं कौतुकही वाटत होतं. पालखी टेकली. दोन नारळ गेले. आमच्या घराची हाक पडली. मी पुढे झालो आणि म्हणालो, हा नारळ आमचा नाही, कधीच नव्हता. पोरं मोबाइल धरून उभी होती, त्यांना वाटलं म्हातारा भाषण करतोय. एक चुलत पुतण्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, घरी बोलू ना, लोक बघतायत." मी म्हटलं, "म्हणूनच." मग माझा आजोबा बाबाजी राघोजी छावणीतून पळाला, हे सांगितलं. अकरा तुर्क नाहीत, गोळी नाही, पाणीही नाही. ते सांगताना लाज वाटली, ती पळून गेलेल्या आजोबांची नव्हे. माझ्या आबांची, टाळ्या वाजवणाऱ्या त्या दोन हातांची. मग ताटली डोळ्यांशी धरली आणि नाव वाचलं. इतक्या हळू, की ते पुढच्या चारजणांनाच ऐकू गेलं असेल.

रस्त्याच्या पलीकडून, नातीच्या खांद्यावर हात टेकून उभा असलेला यशवंत ओरडला, "मोठ्यानं! इकडं काय ऐकू आलं नाय."

मी पुन्हा वाचलं.